तात्या, कृष्णविवर मंद होतं

तात्या,

लिहायला बसले की उठते मी. सकाळपासून तिसऱ्यांदा हा कागद पुढ्यात ओढलाय. एकदा मध्येच उठून दोरीवरचे कपडे काढून आणले. एकदा काही काम नसताना फाट्यापर्यंत चालत जाऊन आले. आईंनी विचारलंसुद्धा, "मनीषा, तुला चैन का पडंना आज?" काय सांगणार त्यांना? म्हटलं, काही नाही, पेपर तपासायचे आहेत.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. घरात माणसं येऊन गेली, सगळी तुमच्याबद्दल चांगलंच बोलली. कारखान्याच्या टर्बाइनवर उभी हयात काढली, कधी शिफ्ट चुकवली नाही, आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे, वगैरे. खरंच आहे ते. पण मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धवट राहिलं, आणि अर्धवट टाकून तुम्ही गेलात.

लग्न होऊन मी शेळगावला आले तेव्हा माझं पुण्यातलं संशोधन दोन वर्षांचं झालं होतं. मग ओवी झाली. मग बारामतीच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, आणि प्रबंधाच्या फायली कपाटात वरच्या कप्प्यात गेल्या. कुणी थांबवलं नव्हतं. विकास तर दर दिवाळीला विचारायचे, पुन्हा सुरू करतेस का म्हणून. मीच हसून विषय बदलायची.

तुम्ही निवृत्त झालात आणि मला सकाळी गाडीवरून फाट्यावर सोडायला लागलात. सोडून परत फिरायचं, असं तुमचं नव्हतं. बस येईपर्यंत थांबायचात. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. पहिले काही महिने आपण ओवीची शाळा आणि उसाला पाणी कधी सुटणार याच्यापलीकडे काही बोललो नाही. सासरा आणि सून आणखी काय बोलणार? मग एक दिवस तुम्ही रस्त्याकडे बघतच म्हणालात, "तुजं पुण्याचं काय अर्धं ऱ्हायलंय म्हनं?"

मी म्हटलं, "तारे कसे मरतात, त्यातलं आहे तात्या."

"मग सांग की. बस काय एवढ्यात येत न्हाय."

मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले. सूर्याच्या वीस-तीस पट मोठा तारा असतो. आतलं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो आणि कृष्णविवर तयार होतं, ज्यात पडलेलं काही परत येत नाही. पण अशा काही ताऱ्यांच्या बाबतीत नेमकं त्याच वेळी गॅमा किरणांचा एक लोट बाहेर येतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. तेवढ्या वेळात साऱ्या आकाशात त्याच्याइतकं प्रखर दुसरं काही नसतं. आणि तो चहूकडे पसरत नाही. ताऱ्याच्या दोन टोकांना दोन अरुंद झोत फुटतात, प्रकाशाच्या जवळजवळ वेगानं. त्यातला एक आपल्याकडे रोखलेला असला तरच आपल्याला तो लोट दिसतो.

तुम्ही ऐकून घेतलंत. नजर रस्त्यावरच होती. मला वाटलं, कंटाळलात. मग म्हणालात, "समदं आत पडतंय म्हन्तीस. मग भायेर कसं येतंय?"

मी दचकले. म्हटलं, "तात्या, हाच माझा विषय आहे. झोत कसा तयार होतो. अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही."

"मग तू बसून का ऱ्हायलीस?"

बस आली तेव्हा मी चढले, तिकीट काढलं, आणि बारामती येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. त्या आठवड्यात मी पुण्याला फोन केला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पाच वर्षांनी माझा आवाज ऐकला, आणि रागावल्या नाहीत. पुढची तीन वर्षं दर शनिवारी मी पुण्याला जाऊ शकले ते तुम्ही ओवीला सांभाळलंत म्हणून. तिची वेणी तुम्ही घालायचात. वाकडी असायची. तिनं कधी तक्रार केली नाही. हे तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही, आणि तुम्हीही काही केल्यासारखं दाखवलं नाहीत.

तुमचा प्रश्न मात्र तुम्ही सोडला नाहीत. नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. आई देवळात होत्या, आपण दोघं घाटावर, भीमा आणि नीरा जिथे मिळतात तिथे. पाण्यात एक भोवरा पडला होता. मी उत्साहानं दाखवला. म्हटलं, "बघा, आत ओढलं जाणारं पाणी सरळ आत जात नाही, आधी गोल फिरतं. ताऱ्यातला मालही तसाच. फिरता तारा कोसळला की त्याच्या कमरेकडचा माल कृष्णविवराभोवती गोल फिरत राहतो, त्याची चकती बनते. दोन्ही टोकांकडे मात्र जागा मोकळी होते. झोत तिथूनच जातो."

तुम्ही भोवरा नीट बघून घेतलात. मग म्हणालात, "ह्यातनं वर काय उडत न्हाय."

मी हसले, पण राग आला होता. बरोबर होतं तुमचं. फिरण्यानं वाट मोकळी होते, पण ढकलतं कोण, हे काही मी सांगितलं नव्हतं.

त्याचं उत्तर तुम्हाला द्यायला मला आठ दिवस लागले. पुन्हा फाट्यावरच. मी चुंबकीय क्षेत्राचं सांगितलं. कृष्णविवर स्वतः जोरात गरगरत असतं, आणि त्याच्याभोवती चुंबकीय रेषा अडकलेल्या असतात. ते फिरतं तशा रेषा पिळत जातात, आणि त्या पिळातून फिरण्याचीच ऊर्जा दोन्ही टोकांनी बाहेर फेकली जाते. आत पडलेलं काही परत येत नाही, तात्या. बाहेर येतं ते फिरणं.

तुमचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "आसं व्हय! म्हंजी आल्टरनेटर हाय त्यो. आमचं टर्बाइन फिरायचं, आल्टरनेटरातनं वीज भायेर. त्यात चुंबकच असतंय."

"तसंच म्हणा," मी म्हणाले.

घरी जाऊन तुम्ही आईंना सांगितलंत. आईंनी ते शेजारी सांगितलं. आळीत दोन दिवस चर्चा होती की मनीषा आकाशातल्या कारखान्यावर काम करते.

आता पुढचं. हे लिहायलाच बसले होते मी, आणि यासाठीच सारखी उठत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रबंध संपत आला होता. संगणकावर मी पुरा तारा कोसळवत होते आणि त्यातून झोत काढत होते. झोत सुंदर निघायचा. ताऱ्याचे थर फोडत, बाजूच्या दाबानं आणखी अरुंद होत, दहाएक सेकंदांत पृष्ठभाग फोडून बाहेर यायचा. मी त्याचे आलेख छापून आणले होते आणि फाट्यावर तुम्हाला दाखवत होते. कौतुक हवं होतं मला, दुसरं काही नाही.

तुम्ही एका रेघेवर बोट ठेवलंत. "ही काय?"

"हा कृष्णविवराचा फिरण्याचा वेग."

"सरळ हाय की रेघ."

"हो. तो कायम धरलाय."

"कायम कसा ऱ्हाईल? त्याच्यातनंच काढतीयास न्हवं ताकद? आल्टरनेटरवर लोड टाकला की टर्बाइन जड होतंय. वेग पडतोय. आमच्याकडं गव्हर्नर हुता. वेग पडला की त्यो झडप उघडायचा, वाफ जास्त सोडायचा, म्हनून चालायचं. तुज्या तितं गव्हर्नर कोन हाय?"

मी म्हटलं, सगळेच असं धरतात, गणित सोपं होतं त्यानं. तुम्ही म्हणालात, "आगं पर लोड मोठा हाय म्हन्तीस. मग मंद व्हनारच की ते."

प्रबंध जमा करायला पाच आठवडे राहिले होते. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. रात्रीची झोप नव्हती, कॉलेजात परीक्षा चालू होत्या. आणि तुमचं बोट त्या रेघेवरून हलत नव्हतं. मी कागद तुमच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाले, "तात्या, हा कारखाना नाही."

शेजारी दोन बायका बसची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. तुम्ही हात मागे घेतलात.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "न्हाय खरा."

बस आली.

त्यानंतर तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. रोज सोडायला आलात, रोज थांबलात. पाऊस, ऊन, बस, ओवीचा खोकला, एवढंच बोललो आपण. मला पहिले काही दिवस बरं वाटलं, खरं सांगते. मग वाटलं, तुम्ही रागावलात. मग वाटलं, विसरलात. माफी मागावी असं दोन-तीनदा मनात आलं, पण माफी मागायची तर तो प्रश्न पुन्हा काढावा लागणार, आणि त्याच्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. मी प्रबंध जमा केला. तुम्ही पेढे आणलेत. सगळ्यांना वाटलेत. मला पेढा देताना म्हणालात, "झालं एकदाचं."

मग तो सकाळचा छातीचा भार, आणि बारामतीचं हॉस्पिटल. चार दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या बाकावर मी एकटी होते. विकास औषधं आणायला गेले होते. हातात तुमच्या तपासणीचा कागद होता, त्याची मागची बाजू कोरी होती. का ते माहीत नाही, मी पेन काढलं. कदाचित भीती वाटत होती आणि हाताला काम हवं होतं. माझ्याच प्रबंधातले आकडे घेतले. कृष्णविवराच्या फिरण्यात ऊर्जा किती, आणि माझा झोत दर सेकंदाला त्यातली किती ओढतो. साधा भागाकार. अकरावीतल्या मुलीला जमेल असा.

माझा झोत प्रबंधात जितका वेळ चालला होता, त्याच्या निम्म्या वेळातच फिरणं जवळजवळ संपत होतं.

मी तो भागाकार तीनदा केला. तुम्ही बरोबर होतात. थोडेफार नाही, पूर्ण बरोबर. सरळ रेघ खोटी होती, आणि माझं चौथं प्रकरण त्या रेघेवर उभं होतं.

पाच वाजता भेटायला सोडलं. तुम्ही जागे होतात. नाकाला नळी होती तरी बोलत होतात. म्हणालात, "तुजी तोंडी परीक्षा कदी?"

"पुढच्या महिन्यात, तात्या. तोवर तुम्ही घरी येताय."

"चांगली दे."

कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. मला वाटलं, असं घाईत नको. घरी गेल्यावर नीट सांगू, आलेख काढून, रेघ कशी खाली येते ते दाखवून. तुम्हाला खाली येणारी रेघ बघायला आवडेल, असं वाटलं. मी तुमची चादर सारखी केली आणि विचारलं, "गार वाजत नाही ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी विकासांचा फोन आला.

गार वाजत नाही ना. शेवटचं एवढंच बोलले मी.

तोंडी परीक्षेची तारीख अलीकडे आली. परीक्षक परदेशी जाणार होते. पत्र आलं तेव्हा तुमचा पाचवा दिवस होता, आणि परीक्षा नवव्या दिवशी. नातेवाईक म्हणाले, सुतकात कुठं घराबाहेर पडायचं, पुढं ढकला. मला बरंच वाटलं. निमित्त मिळालं. मी ढकलायचं पत्र लिहायला बसले, आणि आई स्वयंपाकघरातून येऊन समोर बसल्या.

"तू जा," म्हणाल्या.

"आई, मला नाही जावंसं वाटत. तात्या माझ्यावर रागावून गेले."

"कुनी सांगितलं?"

मी त्यांना फाट्यावरचं सगळं सांगितलं. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रागावले न्हवते गं. भ्याले हुते. मला म्हनले, मी एक इचारलं आन पोरीचं तोंड उतरलं. आता पुन्हा इचारलं तर तिचं काम आडकंल, डिग्री आडकंल. म्हनून मी आता तोंड उघडत न्हाय. माजा सवाल बरोबर निघाला तर तिचं लई नुकसान हाय. आसं म्हनले बग."

मी तिथून उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. कितीतरी वेळ.

परीक्षेला गेले. विकास बाहेर बसले होते. खरं सांगते तात्या, परीक्षा सोपी गेली. परीक्षकांनी कौतुक केलं. चौथ्या प्रकरणावर तर खास. झोत ताऱ्याबाहेर कसा येतो याचे आलेख त्यांना आवडले होते. फिरण्याच्या वेगाबद्दल कुणी विचारलं नाही. त्या सरळ रेघेकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे? मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या. नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटांत बाहेर पडले असते.

मी म्हणाले, "चौथ्या प्रकरणात एक चूक आहे."

आणि फळ्यावर तो भागाकार करून दाखवला.

परीक्षक उठून फळ्याजवळ आले. त्यांनी तो पुन्हा मनाशी केला. मला बाहेर थांबायला सांगितलं. आत अर्धा तास काय चाललं होतं मला माहीत नाही. विकासांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि मी उठून उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात होते, तेव्हा तेही बरोबर यायचे. निकाल असा झाला: चौथं प्रकरण नव्यानं करायचं, फिरण्याचा वेग बदलता ठेवून. सहा महिने दिले. मग पदवी.

मॅडम बाहेर आल्या त्या चिडूनच. "आज बोलायची काय गरज होती? नंतर वेगळा शोधनिबंध लिहिला असतास." मग थोड्या शांत झाल्या. "हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

"माझ्या नाही. सासऱ्यांच्या."

"काय करतात ते?"

"कारखान्यात टर्बाइनवर आहेत," मी म्हणाले. मग म्हणाले, "होते."

मॅडमना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जरा वेळानं, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "आणखी काय विचारलं होतं त्यांनी?"

मी सांगितलं. वेग पडल्यावर तो सावरायला तिथे कोण आहे?

"विचार कर त्याचा," मॅडम म्हणाल्या. "तेच प्रकरण आहे तुझं."

गेले नऊ दिवस तेच करते आहे. कृष्णविवर मंद होतं, तात्या. रेघ खाली येते, तुम्ही म्हणालात तशी. पण आता दुसरंच होऊन बसलंय. चुंबक तगडं ठेवलं तर झोत जोरात सुटतो, पण फिरणं इतक्या लवकर आटतं की बाहेर यायच्या आधीच, ताऱ्याच्या पोटातच, तो विझतो. चुंबक कमी ठेवलं तर फिरणं टिकतं, पण झोताला तारा फोडण्याइतकी ताकद राहत नाही. आकाशात तर झोत बाहेर येतात. रोज कुठे ना कुठे येतात. म्हणजे मधे काहीतरी आहे. चकतीतला माल आत पडताना आपलं फिरणं कृष्णविवराला देत असणार. कदाचित तुमची वाफ तीच. पण ती झडप उघडतं कोण, किती उघडतं, मला अजून कळलेलं नाही. काल झोत आठव्या सेकंदाला विझला. आज सकाळी सातव्या.

तुमच्याबद्दल कृतज्ञता वाटते, वाटणारच. पण ती वाटता वाटता राग येतो, आणि तो आला की मला बसवत नाही. तुम्ही गप्प बसायला नको होतं. तुम्हाला वाटलं, माझं नुकसान होईल. ते तीन महिने आपण रोज फाट्यावर शेजारी शेजारी उभे राहिलो. तुमच्याकडे प्रश्न होता, माझ्याकडे उत्तराची भीती होती, आणि आपण पावसापाण्याचं बोलत राहिलो. मी एक वाक्य वाईट बोलले. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं होतं. मी पुन्हा चिडले असते, तिसऱ्या दिवशी रडले असते, आणि चौथ्या दिवशी कागद घेऊन तुमच्या शेजारी बसले असते.

पदवी उशिरा आली असती. तिची मला काय घाई होती, तात्या?